कौसाआक्काच्या बिननावी पर्सा

कौसाआक्का गांगुर्डे. राहणार सातपूर, मूळ गाव सायखेडा. हे नाव आधी लिहून ठेवते, मग बाकीचं. माझी शाळा सातवीत सुटली, त्यामुळे लिहिताना कुठलं आधी नि कुठलं नंतर याची मला सारखी धास्ती असते. पण आक्काचं नाव पहिलं, यात मला शंका नाही. नाशकात मी टिकले, पर्सांचा माल कापायला शिकले, आज माझ्या टेबलाशी चार बायका बसून पोट भरतात, ते सगळं या बाईमुळे.

मी आले वरोऱ्याहून, थोरल्या बहिणीच्या मागोमाग. भाऊजी सातपूरच्या एका कारखान्यात पाळीनं जायचे. एक खोली, त्यात ती दोघं, तीन पोरं आणि मी. भाऊजी माणूस वाईट नव्हते, पण रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोपायला जागा लागते. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं की काम मिळालं आणि टिकलं तर राहा, नाहीतर परतीची गाडी आहेच. परत जाऊन लोकांची भांडी घासण्याशिवाय तिकडे माझ्यासाठी काही नव्हतं. तेव्हा काम टिकवणं हा माझ्यासाठी नाशकात राहण्याचा परवाना होता.

आक्काचा पिशव्या-पर्सांचा कारखाना म्हणजे दोन पत्र्याच्या खोल्या, तीन मशिनी आणि एक लांबलचक टेबल. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या खाली खिळ्यांना टांगलेले पुठ्ठ्याचे फर्मे. फर्मा म्हणजे ज्याच्या आकारानं माल कापायचा तो पुठ्ठा. मी गेले तेव्हा आक्का पंचेचाळिशीची असेल. उंच, सावळी, खांदे सरळ. तिनं मला नाव विचारलं नाही. हात पुढे करायला सांगितले, तळवे उलटेपालटे करून पाहिले आणि विचारलं, "शिवाया येतं?"

"मले थोडंसं येते," मी म्हणाले.

मशिनीवरची सिंधू फिसकन हसली. "मले म्हनं मले." तिथून पुढे दोन वर्षं मी त्या खोलीत 'मले' याच नावानं ओळखली गेले. आक्का मात्र 'वरोऱ्याची' म्हणायची. माणसाला त्याच्या गावावरून हाक मारायची तिला सवय होती. म्हणायची, नावं एकासारखी एक असतात, गाव घोटाळा करत नाही.

आक्कानं धंदा सुरू केला तो डब्याच्या पिशव्यांपासून. तिचे मालक, म्हणजे नवरा, कारखान्यात सायकलनं जायचे आणि डब्यातली डाळ रोज पिशवीत सांडायची. आक्कानं जाड कॅनव्हासची, गोल बुडाची पिशवी शिवली, तिच्यात डबा उभाच राहायचा. पाळीतल्या सगळ्यांना तशीच हवी झाली. मग त्यांच्या बायकांनी बाजाराच्या पिशव्या मागितल्या, मग मास्तरणींनी पर्सा. शिकवलं तिला कुणीच नव्हतं. जुनी पिशवी उसवून बघायची आणि तिची चूक कुठे झाली ते शोधायची, हीच तिची शाळा.

नवा नमुना तयार झाला की त्यात पाच किलो कांदे भरून ती पिशवी सकाळी दाराच्या खिळ्याला टांगली जायची. संध्याकाळपर्यंत पट्ट्याचा टाका ताणला नाही, तर नमुना पास. कांदे तिच्या भावाच्या शेतातले असायचे आणि परीक्षा झाली की आमच्यात वाटले जायचे. त्यामुळे नवा नमुना निघाला की सिंधूला फार आनंद व्हायचा.

तिच्या नजरेबद्दल मेन रोडच्या बाजारापर्यंत बोललं जायचं. खडूची रेघ न ओढता ती कापायची. कडा एक सूत इकडेतिकडे असली तरी तिला लांबून कळायचं. सीबीएसवर बसची वाट बघताना ती माणसांकडे बघायचीच नाही, हातांकडे बघायची. एकदा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ती निळ्या लुगड्यातली बाई बघ, डाव्या खांद्याला लावलेली पर्स सारखी उजव्या हातानं सावरती, म्हंजे पट्टा लांब हाय. त्या बाईला हाक मारून पट्टा आखूड करून द्यावा असं तिला मनापासून वाटत होतं. मी दंडाला धरून ठेवली म्हणून थांबली.

त्या काळात नाशकात छापील बॅगांचं वेड आलं होतं. जो तो पोरगा परदेशी विमान कंपनीचं नाव लिहिलेली बॅग खांद्याला लावून फिरायचा. ज्यांनी विमान फक्त आवाजावरून ओळखलेलं, तेसुद्धा. बायकांच्या पर्सांवर सोनेरी इंग्रजी अक्षरं आली. पुढे तर सगळ्या अंगभर अक्षरंच अक्षरं असलेलं रेक्झिन निघालं, गोंदवून घेतल्यासारखं. मेन रोडच्या दुकानांत पुढच्या काचेत त्याच पर्सा टांगलेल्या. आक्काच्या पर्सा त्यांच्यापुढे अगदी गरीब दिसायच्या. कॉफी रंग, काळा रंग, फार तर मेंदी. वर एक अक्षर नाही, फूल नाही, चकचकीत बक्कल नाही. ती स्वतःचंही नाव घालायची नाही.

मी एकदा विचारलं, नाव का नाही टाकत आक्का, लोकांना कळायला नको का कुणी बनवली?

ती म्हणाली, "जिनं घेतली तिला ठाऊक हाय. अजून कुणाला सांगायचंय?"

पण याचा अर्थ ती अक्षरवाल्यांना नावं ठेवायची असा कुणी घेऊ नये. मी पहिली दिवाळी झाल्यावर हौसेनं एक पांढरी पर्स घेतली, वर सोनेरी अक्षरं. बहिणीला दाखवली, आरशात दाखवली आणि कामावर घेऊन गेले. वाटेत पर्स काखेत दडवली. वाटलं, आता आक्का म्हणणार, आपल्या हातानं इतक्या शिवतेस आणि बाहेरून विकत आणतेस. सिंधूनं तर दारातच सुरुवात केली, "मेमसाब आल्या, स्टूल पुसा." आक्कानं पर्स हातात घेतली, पट्टा ओढून पाहिला आणि मशिनीवर बसली. पट्ट्याच्या मुळाशी दोन्हीकडे चौकोनी टाका मारून दिला, आत एक चामड्याचा तुकडा लावला. परत देताना म्हणाली, अक्षरं हातानं घासू नको, सोनं लवकर जाईल. महिन्याभरात सोनं गेलंच, माझ्या पोलक्याच्या बाहीला लागून. पट्टा मात्र अजून जागचा हललेला नाही.

सिंधू एकदा विमानवाल्या पोरांची टिंगल करत होती तेव्हाही आक्का एवढंच म्हणाली की आसू दे, त्यांना इमानात कोन बसवतंय, खांद्यावर तरी घेऊ दे.

गिऱ्हाईक आलं की तिची एक रीत होती. टेबलावर स्वच्छ पांढरं फडकं अंथरायची आणि म्हणायची, आधी तुमची जुनी पर्स इथं रिकामी करा. बायका लाजायच्या. कॉलेज रोडकडच्या एका डॉक्टरांच्या बायको आल्या होत्या, मुंबईला कुठल्याशा मोठ्या लग्नाला जायचं म्हणून. तिथं सगळ्यांकडे परदेशी पर्सा असणार, तशीच दिसणारी एखादी द्या म्हणाल्या. आक्कानं फडकं अंथरलं. त्या अडखळल्या, पण ओतली. चष्म्याचं घर, किल्ल्यांचा जुडगा, सुपारीची डबी, पोराचं अर्धं खाल्लेलं बिस्कीट, देवाचा अंगारा आणि औषधाच्या गोळ्यांची बाटली. आक्कानं प्रत्येक वस्तू उचलून हातात तोलली. बाटली दोनदा उचलली. विचारलं, ही रात्री अंधारातबी लागती का? बाई हो म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. दम्याच्या गोळ्या होत्या, घरात नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

त्यांची पर्स आक्कानं कॉफी रंगाच्या चामड्यात केली. बाटलीसाठी पट्ट्याखाली असा कप्पा, की न बघता हात बरोबर तिथेच जावा. बाईंनी बघितली आणि जरा हिरमुसल्या. म्हणाल्या, छान आहे हो, पण पुढे काहीतरी दिसायला हवं होतं. आक्का म्हणाली, पंधरा दिवस वापरा, मग सांगा, वाटलं तर लावून देते. बाई लग्नाहून आल्या त्या सांगत, की तिथल्या एका श्रीमंत बाईनं जवळ येऊन विचारलं, ही कुठून आणली, असली तर मी परदेशातसुद्धा पाहिली नाही. आम्ही सगळ्या मशिनी थांबवून ऐकत होतो. आक्कानं विचारलं, "पट्टा खांद्याला टोचत नाय ना?"

आता जे लिहायचं आहे, ते लिहायला मला इतकी वर्षं लागली.

मेन रोडचे चंदूशेठ आमचा निम्म्याहून जास्त माल उचलायचे. गमत्या माणूस, आक्काला मान देऊन बोलायचे. बाजारात प्लॅस्टिकच्या तयार पिशव्या यायला लागल्या आणि आमचं डब्याच्या पिशव्यांचं काम सुटत चाललं, तेव्हा शेठ एक तुकडा घेऊन आले. फिक्या पिवळ्या रेक्झिनवर दोन तपकिरी अक्षरं एकमेकांत अडकवलेली, भोवती पान, आणि तीच खूण अंगभर. लग्नसराईला हेच चालणार, म्हणाले. रोल मी पाठवतो, तुम्ही फक्त शिवा. आक्कानं तुकडा बोटांत चोळून पाहिला. मग आमच्या सहाजणींकडे एकदा बघून हो म्हणाली. शेठ गेल्यावर म्हणाली, लोकांना आवडतं तर देऊ, टाका तर आपलाच ऱ्हाईल.

रोल आला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिला भाचीच्या लग्नाला सायखेड्याला जायचं होतं, चार दिवस. जाताना तिनं तिची मोठी कात्री माझ्या हातात दिली. त्या कात्रीला आजवर दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. "वरोऱ्याची, काप तू. म्या शिकवलं तसं."

मी तिनं शिकवलं अगदी तसंच कापलं. आमच्या पर्सेचं अंग खाली रुंद आणि वर निमुळतं असायचं. रेक्झिन वाया जाऊ नये म्हणून एक फर्मा सुलटा ठेवायचा, त्याच्या शेजारी दुसरा उलटा, म्हणजे निमुळती बाजू रुंद बाजूला भिडते आणि मध्ये चिंधी उरत नाही. साध्या रंगाच्या मालात वर काय नि खाली काय. आम्ही जन्मात दुसरा माल कापलाच नव्हता. त्या गुंतलेल्या अक्षरांत मला अक्षर दिसलंच नाही, वेलबुट्टी दिसली. रोल संपला तेव्हा टेबलाखाली मूठभरसुद्धा कचरा नव्हता आणि मी मनातून फार खूश होते. बायकांनी भराभर शिवून टाकलं. कुणाच्याही लक्षात आलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी चंदूशेठ हातगाडीवाल्याला घेऊन आले, आणि त्यांच्या पाठोपाठ आक्का, बसमधून उतरून थेट, हातात लग्नाच्या बुंदीचा पुडा. शेठनी एक पर्स उचलली, बरी म्हणाले. दुसरी उचलली, डोळ्यांसमोर धरली, मग तिला खाली डोकं वर पाय केली.

"आक्का, ही शीर्षासन करतेय काय?"

आम्ही हसलो. मग शेठनी तिसरी उचलली, चौथी उचलली, आणि हसणं थांबलं. कुणाचं पुढचं अंग उलटं, कुणाचं मागचं, काहींची दोन्ही. मला तेव्हा कळलं की ती अक्षरं आहेत आणि अक्षरांना डोकं असतं. कात्री माझ्या हातातच होती. माझ्या डोळ्यांपुढे भाऊजी आले आणि वरोऱ्याची गाडी आली.

आक्कानं एक पर्स दारातल्या उजेडात नेली, फिरवून पाहिली. मग टेबलाखाली पाहिलं. चिंधी नव्हती. काय झालं ते कळायला तिला तेवढं पुरलं. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही.

"कापलं म्या, शेठ. जायच्या घाईत. नजर चुकली माझी."

"तुमची नजर?" शेठ म्हणाले. त्यांचा विश्वास बसत नव्हता. "आक्का, तुमची?"

सिंधूनं मशिनीवरून मान वर केली. "पण आक्का, कापलं तर..."

"सिंधे, मशिनीला तेल घाल."

शेठ ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ज्या मोजक्या सुलट्या होत्या तेवढ्या त्यांनी घेतल्या, बाकीच्या रेक्झिनचे पैसे आक्काच्या हिशोबातून वळते करायचं ठरलं आणि जाताना आक्काला हळू आवाजात म्हणाले की डोळे तपासून घ्या एकदा, वय होतं माणसाचं. आक्कानं मान हलवली आणि त्यांच्या हातावर बुंदी ठेवली.

दुपारी बायका जेवायला गेल्या तेव्हा मी रडत रडत म्हणाले, मी शेठकडे जाऊन खरं सांगते. ती फडक्यानं टेबल पुसत होती. म्हणाली, "तू सांगशील तर शेठ म्हनंल हिला काढा, तरच माल देतो. मग तुला गाडीत बसावं लागंल. माझी नजर गेली म्हनलं तर मला कोन काढतंय?" आणि थोड्या वेळानं, "शिकवलं म्याच ना. वर-खाली इचारायचं असतं, हे म्याबी कुठं शिकवलं तुला?"

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तिनं ती कात्री पुन्हा माझ्या पुढे ठेवली.

उलट्या पर्सा आम्ही उसवल्या. ते पिवळं रेक्झिन आक्कानं आतून अस्तर म्हणून लावलं आणि बाहेरून आपला कॉफी कॅनव्हास. अक्षरं सगळी आत गेली. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पहिली घेतली आणि आठ दिवसांनी तिघी मैत्रिणींना घेऊन आल्या. आतापर्यंत आमचं अस्तर काळं असायचं, त्यात किल्ली सापडत नसे. पिवळ्या अस्तरात हात घालायच्या आधी वस्तू दिसते, म्हणाल्या. अक्षरांबद्दल कुणी विचारलंसुद्धा नाही. नर्सा, मास्तरणी, बँकेतल्या बायका, यांच्यावर कारखाना चालला. पुढे आक्कानं काळं अस्तर कधी लावलं नाही.

पण मेन रोड गेला तो गेला. शेठनी वाईट हेतूनं सांगितलं नसेल, पण दुकानादुकानांत झालं की गांगुर्डेबाईंची नजर गेली. ज्या बाईनं आयुष्यात एका मालावर स्वतःचं नाव लावलं नाही, तिचं नाव होतं ते फक्त लोकांच्या तोंडी. तेच तिनं माझ्यासाठी देऊन टाकलं. बाजारात कुणी मुद्दाम मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं तिच्याशी बोलायचं आणि माल डोळ्यांजवळ धरून दाखवायचं. ती शांतपणे बघून घ्यायची. सिंधू घरी जाताना मला म्हणायची, "ए मले, आक्काला माझ्या टाक्यात अडकलेला केस दिसतो गं, आणि तू गप." मी गप. काम टिकलं. भाऊजींनी गाडीचं नाव काढणं सोडलं. पुढे माझं लग्न इथेच, सातपुरातच झालं. दरवर्षी ठरवत होते, यंदा सांगेन. दरवर्षी एखादी भीती नवीन निघायची.

आक्काचे मालक निवृत्त झाले तशी आक्कानं सायखेड्याला जायचं ठरवलं. मशिनी आणि टेबल माझ्याकडे सोपवलं. ते सामान न्यायला आलेला टेंपोवाला म्हणाला, बाईंना दिसत नाही ना आता, म्हणून बंद करताय. आक्का म्हणाली, व्हय बाबा, वय झालं. मी शेजारी उभी होते. तेव्हाही बोलले नाही. आणि आता त्याच मेन रोडवरून माझ्याकडे काम येतं, चंदूशेठचा मुलगाच देतो. मागच्या महिन्यात कौतुकानं म्हणाला, तुमचा हात आक्कांपेक्षा साफ आहे.

तिला शेवटचं पाहिलं ते ती नाशिक सोडून निघाली त्या दिवशी सीबीएसवर, सायखेड्याच्या गाडीत. खिडकीशी बसली होती. इंजिन सुरू झालेलं, सगळी गाडी थरथरत होती. शेजारच्या बाईच्या पोराच्या झबल्याचं बटण तुटलं होतं आणि आक्कानं कनवटीतून सुई काढली होती. माझ्याशी बोलता बोलता, सुईकडे नीट न बघता, तिनं त्या हलत्या गाडीत पहिल्या फटक्यात दोरा ओवला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी ते बघितलं हे तिला कळलं. म्हणाली, जा आता, टेबलाशी बायका खोळंबल्या असतील. गाडी निघाली तेव्हा ती बटण लावत होती.

आक्का, तुम्हाला वाचता येत नाही, पण नातवंडं वाचून दाखवतील. कात्री माझ्या हातात होती. हे इथे लिहिलं, पण एवढ्यानं फिटत नाही, मला माहीत आहे. एक दिवस मी मेन रोडला जाणार, चंदूशेठांच्या गादीसमोर उभी राहणार आणि दुकानातली गिऱ्हाइकं ऐकतील एवढ्या मोठ्यानं सांगणार. मग काम जाईल तर जाऊ दे. आणि तिथून निघून पहिल्या गाडीनं सायखेड्याला येऊन तुम्हाला सांगणार, की सांगितलं.